बायोप्सीची काच एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे: भरवसा कितपत ठेवायचा?

काचपट्टी (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात एका नातेवाइकांनी विचारलं, "तू म्हणे घरी बसून कॅन्सर आहे की नाही ते सांगतोस? तुकडा तर हॉस्पिटलात असतो!" प्रश्न रास्त आहे. उत्तर देता देता अर्धा तास गेला, तेव्हा म्हटलं धागाच काढावा.

मी पॅथॉलॉजिस्ट. रक्त-लघवी तपासणारा नव्हे. ऑपरेशनमध्ये काढलेला गोळा, एंडोस्कोपीत चिमट्याने उचललेला कण, सुईने ओढलेल्या पेशी हे सगळं पाहून 'काय आहे' ते लिहिणारा. गेली दोन वर्षं माझं निम्म्याहून जास्त काम मायक्रोस्कोपऐवजी पडद्यावर चालतं.

आधी तुकड्याचा प्रवास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शरीरातून निघालेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडतो. तिथे तो पक्का होतो, म्हणजे कुजायचा थांबतो. मग ग्रॉसिंग. तुकडा डोळ्यांनी पाहायचा, बोटांनी चाचपायचा, मोजायचा, आणि त्यातला कुठला भाग पुढे न्यायचा ते ठरवून कापायचा. हे काप प्लॅस्टिकच्या कॅसेटमध्ये घालून रात्रभर यंत्रात ठेवतात. पाणी निघून जातं, त्याजागी मेण भरतं, आणि त्याचा मेणाचा ब्लॉक होतो. ब्लॉकचे ३-४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर उचलायचे आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या जोडीने रंगवायचे. केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकी सगळं गुलाबी. एवढं झाल्यावर माझा नंबर लागतो.

दूरवरून निदान करतो म्हणजे यातला फक्त शेवटचा टप्पा दूर जातो. बाकीचं सगळं जिथल्या तिथे, माणसांच्या हातांनीच होतं. लोकांना वाटतं की तुकडाच इंटरनेटवरून येतो!

शेवटचा टप्पा दूर न्यायचे तीन मार्ग आहेत. पहिला, मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून चार-सहा फोटो पाठवणं. दुसरा, तिकडचा मायक्रोस्कोप इकडून चालवणं. काच तिकडे, पण ती सरकवायची, भिंग बदलायचं, फोकस करायचा तो मी, इथून. तिसरा, अख्खी काच स्कॅन करून तिची एकच प्रचंड प्रतिमा बनवणं. ती पडद्यावर नकाशासारखी उघडते आणि हवं तिथे मोठी करता येते. आज 'डिजिटल पॅथॉलॉजी' म्हणतात ते बहुतेक हेच.

कल्पना जुनी आहे. बोस्टनच्या विमानतळावरच्या दवाखान्यातून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला रक्ताच्या काचांची कृष्णधवल चित्रं टीव्हीवरून पाठवली गेली ती १९६८ साली. 'टेलिपॅथॉलॉजी' हा शब्द १९८६ मध्ये रोनाल्ड वाइनस्टाइन यांनी रूढ केला. त्याच वर्षी टेक्सासमधल्या एल पासोचा मायक्रोस्कोप उपग्रहामार्फत वॉशिंग्टनमधून चालवून दाखवला गेला. नंतर नॉर्वेच्या उत्तर टोकाला ट्रोम्सोच्या डॉक्टरांनी शेकडो किलोमीटर लांबच्या छोट्या हॉस्पिटलांचे फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेली झटपट तपासणी) असेच पाहायला सुरुवात केली. तिथे गरजच होती. एका फ्रोझनसाठी पॅथॉलॉजिस्टने विमानाने जायचं तरी किती वेळा?

तरीही अमेरिकेत रोजच्या कामात हे यायला २०१७ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) अख्ख्या काचेच्या स्कॅनवरून थेट पहिलं निदान करायला पहिल्यांदा मान्यता दिली, फिलिप्सच्या यंत्रणेला. मग २०२० आलं, सगळे घरात अडकले, आणि घरून रिपोर्ट करायच्या नियमांना तिकडे तात्पुरती ढील मिळाली. आमच्यातले 'मला काच हातात लागते' म्हणणारेसुद्धा पडद्यासमोर बसायला लागले. मीही त्यातलाच.

माझं मत आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोयीचं: पडद्यावरचं चित्र आता पुरेसं चांगलं आहे. घोळ होतो तो चित्राच्या आधी.

बोरूबहाद्दर

वाचतोय. 'तुकडाच इंटरनेटवरून येतो' वाटणाऱ्यांत मीही होतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

शंकेखोर

लेख छान, पण एक शंका. हल्लीच्या मोबाइलचा कॅमेरा मायक्रोस्कोपच्या आयपीसला टेकवला की झकास फोटो येतो. माझा एक मित्र लॅबमध्ये आहे, तो रोज ग्रुपवर टाकत असतो आणि मोठमोठे डॉक्टर दोन मिनिटांत उत्तर देतात. मग महागडे स्कॅनर कशाला? मला तर हा यंत्रं विकणाऱ्यांचा खेळ वाटतो.

काचपट्टी

@शंकेखोर, यंत्रं विकणारे आहेतच, त्यात वाद नाही. ग्रुपवर मीही उत्तरं देतो. पण ती उत्तरं कशी असतात ते पाहा: 'असं वाटतंय', 'हे नाकारता येत नाही', 'स्टेन (आणखी एखादा रंग) करून बघ'. त्यावर रिपोर्टची सही कुणी करत नाही, करूही नये.

कारण असं. एका काचेवर जेवढं ऊतक असतं त्याचे मोठ्या भिंगातून पाहायला शेकडो-हजारो तुकडे पडतात. तुमच्या मित्राने त्यातले पाच निवडले. निवडले कशावरून? त्याला जे महत्त्वाचं वाटलं त्यावरून. म्हणजे खरं निदान त्याने आधीच केलं, मी फक्त त्याच्या पाच फोटोंवर मान डोलावली. त्याच्या नजरेतून जे सुटलं ते मला कधीच दिसणार नाही, आणि काय सुटलं हे आम्हा दोघांनाही कळणार नाही.

लिम्फ नोडचं (लसिकाग्रंथीचं) उदाहरण घ्या. अख्खी गाठ साधी दिसते, आणि कडेच्या पोकळीत कॅन्सरच्या दहा-बारा पेशींचा एक पुंजका असतो. तो पुंजका सापडणं हेच काम. ज्याला तो सापडला त्याला माझी गरज फारशी नाही, आणि ज्याला सापडला नाही तो त्याचा फोटो पाठवणार कसा?

अख्खी काच स्कॅन झाली की निवड माझ्याकडे येते. फरक फोटोच्या दर्जाचा नाही, फरक आहे तो कुठे पाहायचं हे कोण ठरवतं याचा.

मोबाइलला कमी लेखत नाही. लांबच्या ठिकाणी एकटा बसलेल्या तरुण डॉक्टरला 'हे काय आहे हो?' विचारायला त्याहून चांगलं साधन नाही. फक्त त्याला सल्ला म्हणा, रिपोर्ट म्हणू नका. आणि काचेच्या लेबलवर पेशंटचं नाव असतं, ते फोटोत येऊ देऊ नका, ही कळकळीची विनंती.

तारयंत्र

मी या क्षेत्रातला नाही, पण प्रतिमा साठवायची-पोचवायची कामं करतो. 'प्रचंड प्रतिमा' म्हणजे किती, तो हिशोब मांडतो, कारण तो ऐकून मी स्वतः चाट पडलो होतो.

४०एक्सचं स्कॅन म्हणजे एका पिक्सेलला पाव मायक्रॉन. ऊतक १५ मिलिमीटर बाय १५ मिलिमीटर धरा, म्हणजे नखाएवढं. एका बाजूला ६०,००० पिक्सेल, एकूण ३६० कोटी. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर जवळपास ११ जीबी, एका काचेचे! दाबून-दुबून ते साधारण एक जीबीवर किंवा त्याखाली येतं. आणि एका पेशंटच्या काचा दहा-वीस असू शकतात.

पण ही फाइल पूर्ण पाठवायची नसतेच. ती पिरॅमिडसारखी रचतात. टोकाला अख्ख्या काचेचं लहान चित्र, त्याखाली मोठं, त्याखाली आणखी मोठं, आणि प्रत्येक पायरी २५६ बाय २५६ च्या चौकोनांत कापलेली. सगळ्यात खालच्या पायरीवर सुमारे ५५,००० चौकोन होतात. तुमच्या पडद्यावर एका वेळी मावतात चाळीस-पंचेचाळीस. तेवढेच येतात. त्यामुळे लोक समजतात तेवढं जबरदस्त इंटरनेट लागत नाही. वेग कमी असला तरी चालतं, पण लाइन सारखी तुटता कामा नये. चौकोन अर्धवट भरला की प्रतिमा धूसर राहते आणि पाहणाऱ्याला वाटतं की काचच खराब आहे.

बॅकअपबद्दल मात्र आधी विचार करा. स्कॅनर विकत घेताना सगळे स्कॅनरच्या वेगाबद्दल विचारतात. वर्षभरात किती टेराबाइट साठणार आणि ते किती वर्षं ठेवायचे, हे कुणी विचारत नाही. सहा महिन्यांनी डिस्क भरली की फोन येतो.

रिबन

इथे बोलू की नको असं चाललं होतं, पण काचपट्टी सरांचं ते 'घोळ होतो तो चित्राच्या आधी' वाचलं आणि राहवलं नाही. तो 'आधी' म्हणजे आम्ही. हिस्टो टेक्निशियन. मायक्रोटोमवर, म्हणजे ब्लॉकचे काप काढायच्या यंत्रावर, ज्यांची मान मोडते ते. (रिबन म्हणजे ब्लॉक कापताना एकाला एक जोडून येणारी कापांची पट्टी. ती सलग आली की दिवस चांगला जातो.)

स्कॅनर आल्यावर सगळे म्हणाले, आता काम सोपं होणार. सोपं झालं सरांचं. आमचं वाढलं. माणसाचा डोळा चुका पोटात घालतो, यंत्र घालत नाही. काचेवर कापाला घडी पडली तर सर ती ओलांडून पुढे पाहायचे. स्कॅनर घडीच्या उंचीवर फोकस धरतो आणि शेजारचं सगळं धूसर करून ठेवतो. कव्हरस्लिपखाली (कापावर चिकटवतात त्या पातळ काचेखाली) बुडबुडा राहिला, वर बोटाचा ठसा उमटला, माउंटिंगचा चिकटा कडेला आला, की पुन्हा पुसा, पुन्हा स्कॅन करा. चिकटा ओला असेल तर काच रॅकमध्येच अडकते आणि मग ती काढताना जो जीव वरखाली होतो तो विचारू नका. लेबल तिरकं लागलं तर बारकोड वाचत नाही. जाड काप गेला तर पेशींवर पेशी. आधी सर म्हणायचे, 'जरा जाड झालंय, पुढच्या वेळी बघ.' आता तीच काच परत येते.

पण त्याच्याही आधीचं बघा. सकाळी डबा उघडते तर आत भलामोठा गोळा आणि तळाशी बोटभर फॉर्मॅलिन. नियम काय, तर तुकड्याच्या निदान दहा पट द्रव हवा. फॉर्मॅलिन आत शिरतं सुरुवातीला तासाला जेमतेम मिलिमीटरभर, पुढे आणखी हळू. न चिरता टाकलेल्या गोळ्याचा गाभा रात्रभरात मऊच राहतो, कधी वासही येतो. बाहेरून राखाडी, घट्ट, छान. चिरलं की आत लाल लिबलिबीत. त्याचा काप नीट येतच नाही. भोकं पडतात, केंद्रकं पुसट होतात. मग ती काच ४०एक्सने स्कॅन करा नाहीतर ४०० ने, जे नाहीसं झालं ते कुठून आणायचं?

स्तनाच्या गाठीच्या रिसेप्टर तपासणीसाठी (कुठलं औषध लागू पडेल ते सांगणारी) तर ६ ते ७२ तासच फॉर्मॅलिनमध्ये राहायला हवं असं ठरलेलं आहे. डब्यावर वेळ लिहा म्हणून आम्ही सांगून दमलो. तारीख लिहितात, वेळ नाही.

बोरूबहाद्दर

रिबनताई, दंडवत. असे प्रतिसाद वाचायलाच इथे येतो.

काचपट्टी

रिबनताईंशी शंभर टक्के सहमत. त्यांनी हात घातलाच आहे तर माझी एक चूक सांगतो. चूक म्हणजे होता होता राहिलेली.

एंडोस्कोपीची बायोप्सी. पडद्यावर उघडली. चार कण, चारही साधे, थोडी सूज, बाकी काही नाही. रिपोर्ट टाइप करून झाला होता. सही करण्याआधी ग्रॉसिंगचं वर्णन पुन्हा वाचायची सवय आहे, ते वाचलं: 'पाच कण, सर्वांत मोठा ०.३ सेमी.' पाच? पुन्हा पडद्यावर मोजले. चारच. वाटलं, एखादा कण प्रोसेसिंगमध्ये हरवला असेल किंवा मेणात खोल राहिला असेल. तसं होतं.

मग कोपऱ्यातलं छोटं चित्र उघडलं. स्कॅनर सुरुवातीला अख्ख्या काचेचा एक साधा फोटो घेतो, लेबलसकट. त्यावरून तो ठरवतो की ऊतक कुठे आहे, आणि तेवढीच चौकट मोठ्या भिंगाने स्कॅन करतो. त्या फोटोत, चार गुलाबी ठिपक्यांपासून लांब, कडेला एक फिकट डाग होता. पुसल्यासारखा. स्कॅनरने त्याला काच मळलेली समजून सोडून दिलं होतं.

टेक्निशियनला फोन केला, चौकट हाताने वाढवून पुन्हा स्कॅन करायला सांगितलं. तो पाचवा कण फिकट होता कारण त्यात ग्रंथी जवळजवळ नव्हत्याच. नुसत्या सुट्या सुट्या पेशी, पोटात म्यूकस (चिकट स्राव) भरलेल्या, केंद्रक कडेला ढकललेलं. सिग्नेट रिंग कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. अंगठीच्या खड्यासारखं केंद्रक एका बाजूला, म्हणून ते नाव.

मायक्रोस्कोपवर हे झालं नसतं असं म्हणत नाही. पण तिथे काच हातात असते, उजेडाकडे धरून आधी डोळ्यांनी पाहायची सवय असते, ऊतक कुठे कुठे आहे ते नकळत मोजलं जातं. पडद्यावर यंत्राने आधीच ठरवलेलं असतं की तुम्हाला काय दाखवायचं. मगाशी शंकेखोरांना मी म्हणालो की फोटोत निवड पाठवणाऱ्याची असते आणि स्कॅनमध्ये माझी. ते पूर्ण खरं नव्हतं. स्कॅनमध्येही एक निवड आधी झालेली असते, आणि ती करणाऱ्याला फोनही करता येत नाही.

तेव्हापासून माझा नेम: आधी छोटं चित्र, कण मोजायचे, वर्णनाशी ताडायचे, मग आत शिरायचं. चरबीचे तुकडे, म्यूकस आणि अगदी बारीक कण हे स्कॅनर हमखास सोडतो.

सुईदोरा

मी शल्यचिकित्सक, म्हणजे गिऱ्हाईक बाजूचा. फॉर्मॅलिनच्या डब्याबद्दल रिबनताईंची आधीच माफी मागतो. उद्यापासून गोळा चिरून टाकीन आणि वेळही लिहीन.

फ्रोझनबद्दल लिहितो, कारण दूरवरून निदानाचा खरा कस तिथे लागतो. ऑपरेशन चालू आहे, पेशंट भुलीखाली, आणि कडेला ट्यूमर उरलाय का हे आत्ता कळायला हवं. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न घालता उणे वीसच्या आसपास गोठवतात, कापतात, झटपट रंगवतात. तुकडा मिळाल्यापासून उत्तरापर्यंत वीस मिनिटं हा सर्वसाधारण दंडक.

आमच्याकडे पूर्णवेळ पॅथॉलॉजिस्ट नाही. पूर्वी फ्रोझन लागेल अशा केस ठरावीक वारीच घ्यायच्या. आता तुकडा टेक्निशियन कापते, स्कॅन करते, डॉक्टर दुसरीकडून पाहतात, आणि फोन स्पीकरवर असतो. पहिल्या वेळी मला धाकधूक होती. डॉक्टर तिकडून म्हणाले, "निळी शाई कुठल्या बाजूला लावलीत?" (तुकड्याच्या कडा ओळखता याव्यात म्हणून शाई लावतात.) मी म्हणालो, आतल्या. ते म्हणाले, "मग आतली बाजू ट्यूमरपासून मोकळी नाही, आणखी तीन-चार मिलिमीटर घ्या." आणखी घेतलं, ते मोकळं आलं. समोर बसलेल्या माणसाबरोबर झालं असतं तेच संभाषण झालं.

टोरांटोतल्या युनिव्हर्सिटी हेल्थ नेटवर्कचा अनुभव यात नेहमी सांगतात. तिथे दुसऱ्या इमारतीतल्या मोजक्या फ्रोझनसाठी डॉक्टरला जा-ये करायला लागायची. २००४ पासून त्यांनी दुरून चालवायचा मायक्रोस्कोप वापरला आणि २००६ मध्ये स्कॅनवर आले. वेळ सुमारे वीस मिनिटांवरून सोळाच्या आसपास उतरला. अंतर होतं फक्त मैलभर! म्हणजे हे तंत्रज्ञान दुर्गम भागासाठीच, असं काही नाही.

एका बाबतीत मात्र काचपट्टींशी माझं जमत नाही. तुम्ही म्हणता निदानाचा फक्त शेवटचा टप्पा दूर जातो. फ्रोझनमध्ये ग्रॉसिंगही दूर जातं हो. गोळा हातात घेऊन, कुठे कडक लागतंय ते बोटांनी शोधून तिथूनच तुकडा घ्यायचा, ही तर पॅथॉलॉजिस्टची कला. दूरचा डॉक्टर कॅमेऱ्यातून टेबलावरचा गोळा पाहतो आणि आमची टेक्निशियन त्याच्या सांगण्यावरून कापते. बोटांचा निरोप तारेवरून जात नाही.

काचपट्टी

@सुईदोरा, मान्य. तो मुद्दा माझ्याकडून निसटला. तुमच्याकडचं टेबल ज्याच्या हातात, त्याला ग्रॉसिंगचं शिक्षण नीट दिलं नाही तर बाकीचं सगळं फुकट.

शंकेखोर

बरं, मोबाइलवरून माघार. पण आकडे द्या की. पडद्यावर चुका जास्त होतात की नाही? आणि आता एआय येतंय म्हणतात, म्हणजे तुम्ही सगळे घरीच का?

काचपट्टी

मी घरीच आहे, मगाशी सांगितलं तसं. :)

आकडे. एफडीएच्या मान्यतेमागचा मोठा अभ्यास १,९९२ केसचा होता, १६ पॅथॉलॉजिस्ट. त्यांनी त्याच केस काचेवर आणि पडद्यावर पाहिल्या आणि मूळ निदानाशी ताडल्या. गंभीर तफावत पडद्यावर ४.९ टक्के, मायक्रोस्कोपवर ४.६ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाही. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. मायक्रोस्कोपवरही शंभरात चार-पाच केसमध्ये मत बदलतं! काच म्हणजे ब्रह्मवाक्य, असं मानणाऱ्यांनी तो आकडा पुन्हा वाचावा.

यंत्रणा आणली म्हणून लगेच रिपोर्टिंग सुरू करायचं नसतं. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सची शिफारस अशी की निदान ६० केस दोन्ही प्रकारे पाहा, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या म्हणजे आधीचं उत्तर डोक्यात राहत नाही, आणि जुळणी ९५ टक्क्यांच्या खाली आली तर कारण शोधा. आम्ही केलं तेव्हा माझंच माझ्याशी पटलं नाही अशा तीन केस निघाल्या. तिन्हींत काच बरोबर, पडदाही बरोबर, मीच कुंपणावर होतो.

आता पडद्यावर खरोखर काय अडतं ते. बारीक जंतू. पोटातला हेलिकोबॅक्टर दिसतो, पण मायक्रोस्कोपवर फोकस बारीक वरखाली केला की जो 'हा बघा' म्हणून उठून येतो तसा येत नाही. टीबीचे जंतू त्याहून वाईट. कारण साधं आहे: स्कॅन एकाच पातळीवर झालेलं असतं, आणि मोठ्या भिंगाची खोली मायक्रॉनभर. तीन-चार मायक्रॉनच्या कापात ते निभावतं. सुईने काढलेल्या पेशींच्या जाड पुंजक्यात नाही. तिथे अनेक पातळ्यांवर स्कॅन घ्यावं लागतं आणि तारयंत्रांचा ११ जीबीचा हिशोब तितक्या पटींनी फुगतो. अमायलॉइडसाठी (ऊतकात साचणारं एक विकृत प्रथिन) काँगो रेड रंगवलेली काच ध्रुवित प्रकाशात फिरवून हिरवी चमक पाहायची असते. साध्या स्कॅनमध्ये ती दिसणारच नाही, काचच मागवावी लागते. डिस्प्लेसियाची (कॅन्सरपूर्व बदलांची) श्रेणी ठरवताना मतभेद होतात, पण ते काचेवरही होतात, त्यामुळे त्याचं खापर पडद्यावर फोडू नये.

एआयबद्दल थोडक्यात. लिम्फ नोडमधला स्तनाचा कॅन्सर शोधायची एक स्पर्धा झाली होती, कॅमेलिऑन १६. तिचे निकाल २०१७ मध्ये आले. १२९ काचा. वेळेच्या मर्यादेत बसवलेल्या ११ पॅथॉलॉजिस्टपेक्षा काही प्रोग्रॅम सरस ठरले. बातम्यांत एवढंच आलं. एका पॅथॉलॉजिस्टला मात्र हवा तेवढा वेळ दिला होता, तो सर्वोत्तम प्रोग्रॅमच्या बरोबरीला होता. त्याला लागले सुमारे ३० तास. आता ३० तासांत १२९ काचा पाहायची चैन कुणाला असते? म्हणून मला तो प्रोग्रॅम शेजारी हवा आहे. दहा पेशींचा पुंजका त्याने खुणावून द्यावा, तो काय आहे ते मी ठरवीन. प्रोस्टेटच्या बायोप्सीत अशी मदत करणाऱ्या एका प्रोग्रॅमला एफडीएने २०२१ मध्ये मान्यताही दिली आहे.

पण तोही स्कॅन झालेलंच पाहणार. पाचवा कण चौकटीतच नसेल तर तो काय खुणावणार?

ओसरी

गेले दोन दिवस नुसतं वाचतेय. आता विचारतेच. माझ्या सासूबाईंच्या बायोप्सीचा रिपोर्ट आलाय, आणि डॉक्टरांनीच सेकंड ओपिनियन घ्या म्हणून सुचवलं. मागे जावेच्या वेळी काचा कुरियरने पाठवल्या होत्या, त्यातल्या दोन फुटून पोचल्या. या वेळी लॅब म्हणते 'स्कॅन पाठवतो', आणि जिथे दाखवायचं ते म्हणतात 'ब्लॉक आणा'. कुणाचं ऐकू?

काचपट्टी

ओसरीताई, दोघांचंही. स्कॅन आजच जाऊ दे, त्यावरून पहिलं मत एक-दोन दिवसांत मिळेल आणि काचा फुटायची भीती नाही. पण पुढे इम्युनोचे रंग लावायचे असतील (कॅन्सर कुठून सुरू झाला, कुठल्या औषधाला दाद देईल हे त्यावरून कळतं), तर त्यासाठी खरं ऊतक लागतं. चित्रातून ते निघत नाही. म्हणून ब्लॉक मागतात. त्याऐवजी न रंगवलेल्या कोऱ्या काचा चालतील का, ते विचारा. बरेचदा चालतात, आणि ब्लॉक मूळ लॅबमध्ये सुरक्षित राहतो. बायोप्सी लहान असेल तर ब्लॉकमध्ये थोडंच ऊतक उरलेलं असतं, दोन्हीकडे कापत बसलं तर संपतं.

आणि स्कॅनबरोबर फक्त चित्र पाठवू देऊ नका. मूळ रिपोर्ट, ग्रॉसिंगचं वर्णन, सीटी-एमआरआयचा रिपोर्ट, आधीचा काही आजार, घेतलेली औषधं, आणि तुकडा नक्की कुठून घेतला हे सगळं सोबत हवं. हाडातल्या गाठीची काच एक्स-रे न पाहता वाचणारा पॅथॉलॉजिस्ट एक तर फार धाडसी असतो किंवा नवा.

रिबन

ओसरीताई, कोऱ्या काचा मागितल्यात तर 'पॉझिटिव्ह चार्ज्ड' काचांवर द्या म्हणून सांगा. साध्या काचेवरचा काप इम्युनोच्या उकळत्या द्रवात सुटून जातो. आणि ब्लॉकच न्यायची वेळ आली तर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. मेण आहे ते.

ओसरी

झालं सगळं. स्कॅन परवाच गेलं, आठ कोऱ्या काचा काल मिळाल्या. लॅबमधल्या मुलाला चार्ज्ड काचांचं विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला "तुम्ही याच लाइनमधल्या का?" तिकडच्या डॉक्टरांचा आज फोन आला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वर्णनात तीन तुकडे लिहिलेत, मला पडद्यावर दोन दिसतायत, तिसरा कुठाय?"

मी लगेच लॅबला फोन केला. तिसरा आहे, दुसऱ्या काचेवर. ती काच स्कॅन करायचीच राहिली होती.

रिबन

ती काच करायला सांगा आणि स्कॅन पोचल्याची खात्री करून घ्या. फोनवर 'हो हो' म्हणतात आणि मग जेवायला जातात.